एक लाख किलोमीटर ओलांडलेल्या दमदार गाडीसाठी इंजिन ऑइल कसे निवडावे

ठाणे आणि नवी मुंबईच्या सोसायट्यांत गेल्या दहा-बारा वर्षांत टर्बो पेट्रोल गाड्यांची एक पिढीच तयार झाली. २०१३ मध्ये आलेली पोलो जीटी टीएसआय, त्याच सुमाराची ऑक्टाव्हिया १.८, २०१५ ची अबार्थ पुंटो, २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस, आणि त्यांच्यासोबत टर्बो नसूनही उंच आरपीएमवर खुलणाऱ्या होंडाच्या व्हीटेक (वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणाऱ्या) गाड्या. यांपैकी बऱ्याच गाड्यांनी आता एक लाखाचा आकडा ओलांडला आहे, मालकांचा त्यांच्यावरचा जीव मात्र तसाच आहे. अशी गाडी ऑइल बदलायला गेली की गॅरेजमध्ये हमखास एक सल्ला मिळतो: गाडी जुनी झाली, आता जरा जाड ऑइल टाका. हा सल्ला काही इंजिनांना लागू पडतो, काहींचे त्याने नुकसान होते, आणि तो देणाऱ्याने बहुतेक वेळा ओडोमीटरखेरीज काहीच तपासलेले नसते. ऑइल निवडण्यासाठी किलोमीटरचा आकडा अपुरा आहे. कंपनीने मागितलेले मानक, इंजिनाची आजची प्रकृती आणि गाडी ज्या रस्त्यांवर धावते ते रस्ते, या तीन गोष्टी याच क्रमाने पाहिल्या, तर डब्यावरचे नाव कोणते असावे हा प्रश्न शेवटी फारसा अवघड राहत नाही.

पहिली पायरी: हँडबुकमधील मानक

ग्लव्हबॉक्समधील हँडबुकात इंजिन ऑइलचे पान उघडले की दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या आढळतात. एक म्हणजे ग्रेड, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-४०, आणि दुसरे म्हणजे मानक किंवा मान्यता, उदाहरणार्थ फोक्सवॅगन ५०२ ००, फोक्सवॅगन ५०४ ००, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०१ किंवा मर्सिडीज २२९.५. बहुतेक जण केवळ ग्रेड लक्षात ठेवतात, पण वजन मानकालाच अधिक द्यावे. ग्रेड फक्त ऑइलचा दाटपणा सांगते. ते ऑइल किती तास टिकेल, टर्बोच्या उष्णतेत त्याचा कोळसा होईल का, टायमिंग चेनची झीज किती होईल, हे ज्या चाचण्यांतून ठरते त्या मानकामागे असतात.

दुकानात डबा हातात घेतल्यावर पुढची बाजू सोडून मागचे लेबल वाचावे. तिथे बारीक अक्षरांत मानकांची यादी असते आणि तिच्या आधी एखादा शब्द असतो. ‘अप्रूव्हड’ असे असेल, तर त्या गाडी-कंपनीने हे ऑइल तपासून मान्यता दिलेली आहे. ‘मीट्स’ किंवा ‘सुटेबल फॉर’ असे असेल, तर तो ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा आहे. दुसऱ्या प्रकारचे प्रत्येक ऑइल वाईट असते असे नाही, परंतु सव्वा लाख किलोमीटर चाललेल्या टर्बो इंजिनासाठी दोन्हींच्या किमतीतल्या फरकाचे जादा पैसे मोजणे नक्कीच योग्य आहे.

नवे मानक म्हणजे आपोआप अधिक चांगले, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. फोक्सवॅगनचे ५०८ ०० हे ०डब्ल्यू-२० ऑइल त्यासाठीच बनवलेल्या नव्या इंजिनांकरिता आहे, आणि ५०२ ०० मागणाऱ्या जुन्या इंजिनात ते घालायचे नसते. उलट, एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या वर्गवारीत नवी श्रेणी जुनीची जागा घेते, म्हणून हँडबुकात एपीआय एसएम किंवा एसएन लिहिलेले असेल तरी २०२० मध्ये आलेली एसपी श्रेणी घेता येते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांसाठी तर ती आवर्जून घ्यावी. अशा इंजिनावर कमी आरपीएममध्ये मोठा भार आला, म्हणजे उदाहरणार्थ खंडाळ्याचा घाट पाचव्या गिअरमध्ये पंधराशे आरपीएमवर अॅक्सिलरेटर दाबून चढवला, तर मिश्रण स्पार्कच्या आधीच पेट घेऊ शकते आणि त्या एका धक्क्याने पिस्टनला तडा जाऊ शकतो. ऑइलमधील कॅल्शियमयुक्त डिटर्जंट या प्रकाराला हातभार लावतात असे दिसून आल्यामुळे एसपी श्रेणीत त्यासाठी स्वतंत्र चाचणी घातली गेली. अबार्थ पुंटोच्या १.४ टी-जेटमध्ये इंजेक्शन थेट सिलिंडरमध्ये नसल्याने तिथे हा धोका कमी आहे.

बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये कणांसाठी फिल्टर बसवलेला असेल, तर कमी राख सोडणारे ऑइल लागते. एसीईए या युरोपीय वाहन-उत्पादक संघटनेच्या वर्गवारीत ते ‘सी’ गटात मोडते. जुन्या बीएस-४ पेट्रोल गाडीला ही अट नाही आणि तिच्यासाठी एसीईए ए३/बी४ हा गट पुष्कळदा योग्य ठरतो.

दुसरी पायरी: आकड्यांचा खरा अर्थ

५डब्ल्यू-४० मधील ‘५डब्ल्यू’ हा भाग कडाक्याच्या थंडीत इंजिन फिरवताना ऑइल किती प्रवाही राहते ते सांगतो, आणि ही चाचणी उणे ३० अंशांवर होते. ठाण्यात पारा दहाच्या खालीही सहसा जात नाही, म्हणून हा आकडा आपल्याला निरर्थक आहे असे अनेकांना वाटते. तसे पूर्णपणे मानता येत नाही. इंजिनाच्या दृष्टीने बेसमेंट पार्किंगमधली पंचवीस अंशांची सकाळही थंडच असते, कारण त्याचे सगळे हिशेब शंभर अंशांच्या आसपास बसवलेले असतात. चाळीस अंशांवर साधारण ५डब्ल्यू-४० ऑइलचा दाटपणा ८० ते ९० सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) असतो, तर २०डब्ल्यू-५० चा दीडशेच्या पुढे जातो. सकाळी स्टार्टर मारल्यानंतर टर्बोच्या शाफ्टपर्यंत आणि वरच्या कॅमपर्यंत ऑइल पोहोचण्याच्या पहिल्या काही सेकंदांत हा फरक जाणवतो. ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यू यांच्यात मात्र आपल्या हवेत फारसा फरक पडत नाही.

दुसरा आकडा म्हणजे शंभर अंशांवरचा दाटपणा. ३० ग्रेड ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ग्रेड १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेड १६.३ ते २१.९. हे पट्टे बरेच रुंद आहेत, त्यामुळे एका कंपनीचे ५डब्ल्यू-४० तेरावर आणि दुसरीचे पंधरावर असू शकते आणि तरीही दोन्ही डब्यांवर एकच ग्रेड छापलेली असते. नेमका आकडा हवा असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या उत्पादनाचे तांत्रिक माहितीपत्रक उतरवून घ्यावे. ते विनामूल्य असते आणि दोन मिनिटांत वाचून होते.

त्याच माहितीपत्रकात एचटीएचएस नावाचा एक आकडा शोधावा. दमदार इंजिनासाठी मी सर्वांत जास्त महत्त्व यालाच देतो. १५० अंश तापमानात आणि प्रचंड वेगाने घासले जात असताना ऑइलचा दाटपणा किती उरतो, ते हा आकडा सांगतो. बेअरिंग आणि पिस्टन रिंग यांच्या ठिकाणची परिस्थिती अशीच असते. ३० ग्रेडसाठी किमान मर्यादा २.९ आहे, ५डब्ल्यू-४० साठी ३.५. पण फोक्सवॅगन ५०४ ०० किंवा एसीईए सी३ या मानकाच्या ५डब्ल्यू-३० ऑइललाही किमान ३.५ गाठावेच लागते. म्हणजे ‘५डब्ल्यू-३०’ असे सारखेच छापलेल्या दोन डब्यांपैकी एक इंधन वाचवणारे पातळ ऑइल असू शकते आणि दुसरे टर्बो इंजिनाचे बेअरिंग सांभाळणारे. ग्रेडवरून ऑइल मागणाऱ्याला हा फरक कधीच कळत नाही. जास्त चाललेल्या दमदार गाडीत एचटीएचएस ३.५ च्या खाली जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनीनेच त्याहून पातळ ऑइलसाठी इंजिन बनवले असेल तेवढाच अपवाद.

तिसरी पायरी: इंजिनाची आजची प्रकृती

ही पायरी बहुतेक जण गाळतात. हिच्यासाठी पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते.

सुरुवात डिपस्टिकपासून करावी. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन गरम असताना बंद करावे, ऑइल खाली चेंबरमध्ये उतरायला पाच-सात मिनिटे द्यावीत, डिपस्टिक एकदा पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग वाचावी. सोसायटीचे पार्किंग उताराचे असेल, तर दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेने तोंड करून गाडी लावावी, म्हणजे निदान तुलना खरी होते. दर एक हजार किलोमीटरला पातळी आणि घातलेले टॉप-अप वहीत नोंदवावे. डिपस्टिकवरील किमान ते कमाल खुणांमधले अंतर अनेक गाड्यांत सुमारे एक लिटरचे असते, त्यावरून खप काढता येतो. हजार किलोमीटरला दोनशे-अडीचशे मिलिलिटरपर्यंत खप असलेले जुने टर्बो इंजिन निरोगी समजावे. अर्ध्या लिटरच्या पुढे खप गेला, तर ऑइल बदलण्याआधी कारण शोधावे.

कारण शोधताना धुराची वेळ पाहावी. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताच निळसर धूर येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्ह सील कडक झाल्याची शक्यता असते. जोरात खेचताना सतत धूर येत असेल, तर संशय रिंगांवर जातो. सिग्नलला बराच वेळ आयडलवर राहून निघताना धूर आला, तर टर्बोचे सील तपासावेत. आणि या सगळ्याच्या आधी क्रँककेसमधील वायू बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह पाहावा, कारण तो फाटला की सुदृढ इंजिनही ऑइल खाऊ लागते. आयडलवर ऑइल भरण्याचे झाकण उचलताना ते आत जोरात ओढले जात असेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर हा व्हॉल्व्ह बदलावा; त्याचा खर्च रिंग-पिस्टनच्या कामाच्या मानाने अगदी किरकोळ आहे. फोक्सवॅगन समूहाच्या ईए८८८ इंजिनाच्या दुसऱ्या पिढीत पिस्टन रिंगांच्या रचनेमुळे ऑइल खाण्याची तक्रार जगभर गाजली. त्या काळातली १.८ टीएसआय असणाऱ्यांनी ही नोंदवही आजच सुरू करावी.

ऑइलचा दाब मोजून घेणे हीसुद्धा अशीच दुर्लक्षित गोष्ट आहे. डॅशबोर्डवरचा लाल दिवा दाब धोक्याइतका उतरल्यावरच लागतो, त्याच्या भरवशावर राहता येत नाही. चांगला मिस्त्री दाबाच्या सेन्सरच्या जागी मीटर लावून गरम इंजिनाचा आयडलवरचा आणि दोन-तीन हजार आरपीएमवरचा दाब सांगू शकतो. तो कंपनीने दिलेल्या मर्यादेत असेल, तर दाट ऑइल घालण्याचे एक मोठे कारण तिथेच संपते.

चौथी पायरी: आपल्या रस्त्यांचा हिशेब

ऑइलचे आयुष्य किलोमीटरवर मोजण्याची सवय मोकळ्या रस्त्यांवर ठीक आहे. घोडबंदर रोडवर ती फसते. कासारवडवलीहून निघून मानपाडा, माजिवडा, तीन हात नाका असा रोजचा प्रवास करणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरला, तर पाच हजार किलोमीटरमध्ये तिचे इंजिन २५० तास चाललेले असते. हेच अंतर ताशी ७० च्या सरासरीने पुणे एक्स्प्रेसवेवर कापले, तर जेमतेम ७१ तास होतात. दोघांच्या ओडोमीटरवर एकच आकडा, ऑइलच्या कामाचे तास मात्र साडेतीन पट. हा हिशेब प्रत्येकाला स्वतःच्या गाडीसाठी करता येतो: ट्रिप मीटरमधील दीर्घकालीन सरासरी वेग पाहावा आणि चाललेल्या किलोमीटरना त्याने भागावे. चांगल्या सिंथेटिक ऑइललाही अशा गाडीत मी २५० ते ३०० तासांपेक्षा जास्त काळ राहू देत नाही, मग किलोमीटर पाच हजार होवोत की नऊ हजार.

ऐरोलीहून महापे किंवा रबाळे एमआयडीसीपर्यंत रोज सात-आठ किलोमीटर जाऊन परतणाऱ्या गाडीची अडचण वेगळी असते. कुलंटचा काटा लवकर मध्यावर येतो, ऑइल मात्र त्याच्या बरेच मागून गरम होते, त्यामुळे त्यात उतरलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ उडून जायला वेळच मिळत नाही. पावसाळ्याच्या दमट चार महिन्यांत ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर फेस दिसतो तो याचमुळे. कुलंटची पातळी उतरत नसेल, तर त्याला हेड पॅकिंग फुटल्याचे लक्षण समजून घाबरू नये. अशी गाडी आठवड्यातून एकदा पाम बीच रोड आणि पुढे सायन-पनवेल महामार्गावरून अर्धा-पाऊण तास नेऊन आणावी, आणि किलोमीटर कितीही कमी झाले तरी सहा महिन्यांनी ऑइल बदलावे.

धुळीचा विचार वेगळा करावा लागतो. मेट्रोची आणि इमारतींची बांधकामे चालू असलेल्या पट्ट्यात एअर फिल्टर ठरलेल्या मुदतीच्या निम्म्यावरच पाहावा. आवाज आणि ताकद यांसाठी तेल लावलेला कापडी कोन फिल्टर बसवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तो कंपनीच्या कागदी फिल्टरपेक्षा जास्त बारीक धूळ आत सोडू शकतो. तसे झाले, तर महागातले ऑइलही रिंगांना वाचवू शकत नाही. गाडीचे रीमॅपिंग (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये बदल) केलेले असेल, तर पिस्टन आणि टर्बो यांची उष्णता वाढलेली असते, त्यामुळे ऑइल बदलण्याची मुदत आणखी एक पायरी खाली आणावी. घाट चढून लोणावळ्याला चहासाठी थांबताना शेवटचे दोन किलोमीटर शांतपणे चालवावे आणि मगच इंजिन बंद करावे. मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेऊन तापलेल्या टर्बोच्या शाफ्टमध्ये अडकून राहिलेले ऑइल तिथेच करपते.

पाचवी पायरी: निर्णय

आता दाट ऑइलच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. खप कमी, दाब मर्यादेत आणि धूर नाही, अशी स्थिती असेल, तर हँडबुकमधील मानक आणि ग्रेड तशीच ठेवावी, गाडी दीड लाख चाललेली असली तरी. खप वाढलेला आहे किंवा गरम इंजिनाचा दाब खालच्या मर्यादेला टेकला आहे, आणि हँडबुकाच्या तक्त्यात ३० व ४० या दोन्ही ग्रेड दिलेल्या आहेत, तर त्याच मानकाच्या ४० ग्रेडवर जावे. पुढच्या दोन बदलांत खप कमी झाला का, ते वहीवरून पाहावे.

२०डब्ल्यू-५० ला मात्र आधुनिक टर्बो किंवा व्हीटेक इंजिनात थारा देऊ नये. ऑइल पंप दर फेरीला ठरावीक ऑइल ढकलतो. ते फार दाट असले की दाब वाढतो, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइलचा काही भाग बेअरिंगकडे जाण्याऐवजी परत फिरतो. थंड इंजिनात फिल्टरचा बायपास उघडून न गाळलेले ऑइलही पुढे जाऊ शकते. व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा बारीक छिद्रांतून येणाऱ्या ऑइलवर चालते, तिचा प्रतिसाद मंदावतो. मीटरवर दाब वाढलेला पाहून समाधान वाटते, परंतु इंजिनाला जो ऑइलचा प्रवाह हवा असतो तो त्यातून मिळतोच असे नाही.

‘हाय मायलेज’ असे छापलेल्या ऑइलमध्ये कडक झालेले रबरी सील काहीसे मऊ करणारी रसायने असतात. किंचित पाझर असेल, तर त्यांचा उपयोग होऊ शकतो, पण गाडीचे मानक त्या डब्यावर नसेल, तर तो घेऊ नये. वेगळे अॅडिटिव्ह ओतण्याची गरज नाही. वर्षानुवर्षे उशिरा ऑइल बदललेल्या इंजिनात फ्लश घालणे तर धोक्याचे आहे, कारण सुटलेला गाळ चेंबरमधील जाळीत अडकून ऑइलचा पुरवठाच तुटू शकतो. त्यापेक्षा चांगल्या ऑइलचे दोन-तीन बदल निम्म्या मुदतीत करावेत.

सहावी पायरी: खरेदी, बदल आणि तपासणी

ऑइल पक्क्या बिलावर आणि अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. सीलची कडी, बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि क्यूआर कोड तपासावा, बाजारभावापेक्षा फारच स्वस्त डबा परत ठेवावा. रिकामे डबे गॅरेजमध्ये तसेच न सोडता त्यांना भोक पाडावे, म्हणजे ते पुन्हा भरले जाणार नाहीत. बदल शक्यतो स्वतः समोर उभे राहून करून घ्यावा आणि डबा आपल्यासमोर फोडायला सांगावा. फिल्टर कंपनीचाच किंवा तिला फिल्टर पुरवणाऱ्या उत्पादकाचाच घ्यावा, ड्रेन प्लगचा वॉशर नवा टाकावा आणि प्लग टॉर्क रेंचनेच आवळावा, कारण अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे एकदा गेले की काम वाढते.

जुने ऑइल गरम असतानाच काढावे आणि निम्मे वाहून गेल्यावर, म्हणजे आरंभीचा गाळ आणि शेवटचा तळ टाळून, शंभर मिलिलिटर ऑइल स्वच्छ, कोरड्या बाटलीत धरावे. कारखान्यांच्या यंत्रांचे ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळा मुंबई परिसरात आहेत आणि तशीच तपासणी गाडीच्या ऑइलचीही करता येते. अहवालात शंभर अंशांवरचा दाटपणा आधी पाहावा. ४० ग्रेडचे ऑइल १२.५ च्या बरेच खाली आलेले असेल, तर पेट्रोल मिसळत आहे किंवा मुदत लांबली आहे. सिलिकॉन वाढलेले असेल, तर एअर फिल्टर किंवा त्याच्या नळीचा जोड तपासावा. नुकतेच नवे सिलिकॉन पॅकिंग लावलेले असेल, तर एका अहवालापुरते तिकडे दुर्लक्ष करावे. शिसे आणि तांबे एकत्र वाढणे बेअरिंगकडे बोट दाखवते, सोडियम आणि पोटॅशियम कुलंट मिसळल्याकडे. एका अहवालावरून मोठा निष्कर्ष काढू नये, सलग दोन-तीन अहवालांचा कल पाहावा; त्यावरून तासांची मर्यादा वाढवायची की कमी करायची, ते कळते.

काढलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते आणि ठाण्याची गटारे अखेर खाडीलाच मिळतात. म्हणून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाते का, हे गॅरेजला स्पष्ट विचारावे. नवे ऑइल कमाल खुणेच्या किंचित खालीच भरावे, इंजिन काही मिनिटे चालवून फिल्टर आणि ड्रेन प्लगपाशी पाझर नाही ना ते टॉर्चने पाहावे, आणि शंभर किलोमीटर झाल्यावर डिपस्टिक पुन्हा काढून पातळी, तारीख, ओडोमीटर, ऑइलचे मानक व बॅच क्रमांक वहीत लिहून ठेवावा.